‘व्हय की’ ते ‘बघून सांगतो’

डॉक्टर काशिनाथपंतांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत आणि त्यांच्या या गौरवग्रंथात लिहायचा मान मला मिळाला आहे. हा आनंद मला लपवता येत नाही.

त्यांची पहिली भेट झाली ती माझ्या धाकट्या भावामुळे, कोल्हापूरच्या महाराजांच्या राज्याची सुरुवातीची वर्षे असताना. हा भाऊ म्हणजे हैबती, टांगेवाला. जोतिबाच्या वाटेवर टांगा उलटला आणि त्याचे डोके दगडावर आपटले. जखम भरली, बोलणे पूर्ववत झाले. पण ताटातली डावीकडची भाकरी तशीच राहू लागली. विचारले तर म्हणे, "भूकच न्हाई." चैत्री यात्रा तोंडावर आली होती आणि हा माणसे भरून टांगा हाकायला निघाला होता. धास्तावून मी त्याला कोल्हापुरास डॉक्टरांकडे नेले.

"टांगा जुंपायला जमेल?" डॉक्टरांनी विचारले.

"व्हय की!"

"पट्टे नीट लागतील?"

"व्हय की! हातातलं काम हाय माझ्या."

मग तेच प्रश्न त्यांनी सोबत आलेल्या माझ्या भावजयीला विचारले. थोरल्या दिरासमोर ती बोलेना. हे ओळखून डॉक्टरांनी मला हळूच ओसरीवर पाठवले. तिथूनही तिचा आवाज ऐकू आला, "न्हाई जमायचं. सदऱ्याची डावी बाही बी विसरत्यात."

"या दोन उत्तरांत जेवढं अंतर, तेवढं दुखणं अजून शिल्लक," डॉक्टर मला म्हणाले.

लगेच अंगणात टांगा जुंपायला लावला. घोडा त्यांनी स्वतः धरला होता. हैबतीने उजवा पट्टा झोकात आवळला, डावा तसाच लोंबत राहिला. घोड्याने पाऊल टाकताच दांडी निसटली.

"कुणी सोडला पट्टा? दादा, तुझंच काम हे!"

मी चिडलो. डॉक्टरांनी मला आवरले. "मास्तर, तो खोटं बोलत नाही. डावी बाजू त्याच्या ध्यानात येत नाही, आणि ती येत नाही हेही त्याला कळत नाही. ओरडून कसं कळेल? त्याचं त्यालाच सापडू द्या."

त्यांनी हैबतीला आपल्या घरीच ठेवून घेतले. यात्रा टांग्याविना गेली. रोज आधी प्रश्न, मग जुंपणी. गल्लीतले लोक हसत, "काय डॉक्टर, टांगा हाकाय शिकताय व्हय?"

"शिकतोय की! तुम्ही बसणार का?" डॉक्टर उलट विचारत.

एका सकाळी मी भावजयीला घेऊन त्याला भेटायला गेलो होतो. डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे विचारले, "जमेल?" हैबतीने तोंड उघडले आणि तो थांबला. घोड्याला वळसा घालून डावीकडे गेला, चाचपू लागला. "बघून सांगतो, डॉक्टर."

पट्टा त्या दिवशीही चुकलाच. पण डॉक्टर लहान मुलासारखे ओरडले, "अहो, गूळ आणा, गूळ!"

"पट्टा तर आजबी चुकला की," भावजय गोंधळून म्हणाली. या वेळी ती माझ्यासमोरच बोलली.

"चुकू दे! आज तो शोधायला लागला!"

मी मनोमन जोतिबाला हात जोडले. पुढच्या चैत्रात हैबतीने टांगा जुंपला, दोन्ही पट्टे लावून. आजही निघण्याआधी तो डावीकडून एक फेरी मारतो.

परवा या लेखासाठी मी डॉक्टरांना प्रकृती विचारली. "ठणठणीत! अजून चाळीस वर्षं सहज!"

आतून डॉक्टरांच्या पत्नीचा, काकूंचा आवाज आला, "मास्तर, त्यांना काय विचारता? मला विचारा. कालच जिन्यात धाप लागली."

डॉक्टरांनी जिन्याकडे पाहिले. मग हसून म्हणाले, "बघून सांगतो."

जोतिबा त्यांना निरोगी शंभरी देवो, आणि खरे उत्तर द्यायला काकू सदैव त्यांच्या शेजारी असोत.