रिसेप्शन सोडून वॉर्डात

नर्सिंगच्या पहिल्या वर्षालाच जळगावातल्या एका खासगी दवाखान्यात मला संध्याकाळची नोकरी मिळत होती. दोन जागा होत्या. एक रिसेप्शनवर, पंख्याखाली बसून केसपेपर काढायची. दुसरी वॉर्डात, मावशींच्या हाताखाली पेशंटला उठवायची-बसवायची, अंग पुसायची, संडास-लघवीचं भांडं द्यायची.

"रिसेप्शनचीच घे," आई म्हणाली. "नर्स होणारी पोर भांडी कशाला उचलेल?"

कॉलेजात आम्ही रबरी बाहुल्याला कुशीवर वळवायला शिकत होतो. तो बिचारा कधी कण्हत नसे. जिवंत माणसाला हात लावायची मात्र मला भीती वाटायची, आणि ती काउंटरमागे बसून जाणार नव्हती. मी वॉर्ड घेतला. आई जरा फुगली.

वॉर्डातल्या मावशी भक्कम, हसऱ्या बाई. त्यांनी मला साक्रीकडच्या एका अक्कांपाशी नेलं. अक्कांच्या मांडीच्या हाडाचं ऑपरेशन झालेलं. डॉक्टरांनी वॉकर धरून चालायला सांगितलं होतं, पण अक्का पलंग सोडेनात.

"बठ्ठा माले ऊठ ऊठ करतस. मी नई उठाव!" त्या सगळ्यांवरच करवादल्या. मग माझ्याकडे बघून, "कोन गावनी शे तू?"

"आसोद्याची." आमच्या गावची वांगी भरतासाठी नावाजलेली.

"मंग तुले भरीत येस का?"

"येतं ना. पण आज मावशींनी आणलंय. तिकडे व्हरांड्यात जेवायला बसतायत त्या."

मावशी डोळे मिचकावून खरोखरच डबा घेऊन बाहेर गेल्या. अक्कांना खाण्याचं काही पथ्य नव्हतं. त्यांनी अंगावरची चादर बाजूला सारली.

"धर माले."

मी काखेत हात घातला. त्यांचा सगळा भार माझ्या खांद्यावर आला. घाबरायला वेळच मिळाला नाही. आधी वॉकर, मग दुखरा पाय, मग चांगला. दारापाशी थांबून त्यांनी मला एक शिवी हासडली आणि पुन्हा चालू लागल्या.

व्हरांड्यात खुर्चीत टेकून त्यांनी भरीत चाखलं. "मीठ कमी शे," असा निकाल दिला आणि आणखी मागितलं.

तेवढ्यात त्यांचा मुलगा औषधं घेऊन आला. रिकामा पलंग बघून तो "माय कुठंय माझी?" ओरडत बाहेर धावला, तर माय भाकरी मोडत बसलेली. तो तिथेच खाली बसला आणि डोळे पुसत हसू लागला.

घरी जायच्या दिवशी अक्का गाडीपर्यंत स्वतः चालत गेल्या. मी नुसती पिशवी धरून बाजूने होते, आणि एवढी खुशीत की पिशवी त्यांना द्यायचीच विसरले.