अण्णांच्या कानांची चौकशी

निजामाचं राज्य जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण आमच्या घरातला आत्याचा अंमल काही संपला नव्हता. तिचे धाकटे भाऊ, म्हणजे माझे वडील अण्णा, क्षयानं जिल्ह्याच्या गावी दवाखान्यात पडले, तेव्हा तो आजारही तिनंच ताब्यात घेतला. डॉक्टरांनी औषध द्यायचं, बाकी कारभार तिचा. मी सासरहून, ईट गावाहून आले होते. माझ्याकडे भांडी विसळणं आणि गप्प बसणं ही दोन खाती आली.

डॉक्टर तरणे होते, हैदराबादेत शिकलेले. रोजचं इंजेक्शन सुरू करताना त्यांनी नीट समजावलं, "या औषधानं जीव वाचतो, पण वयस्कर माणसाच्या अंगातून ते लवकर निघून जात नाही. साचलं तर कान जातात. रक्तात किती साचलंय ते मोजायची सोय इथं नाही. म्हणून मी रोज विचारणार, कान वाजतात का, चक्कर येते का. हो म्हणालात तर लगेच मात्रा कमी करीन."

आत्यानं मान डोलावली. कीर्तनातही ती अशीच डोलवायची.

आम्ही पडलो तेरखेड्याचे, शोभेची दारू करणारं घराणं. बारांच्या आवाजानं ज्याचे कान वाजत नाहीत तो आमच्यात कामचुकार. सोयरिकीच्या बैठकीतसुद्धा मुलाचे कान वाजतात हे कौतुकानं सांगायचे. त्यामुळे डॉक्टरांनी विचारल्यावर अण्णा सरळ म्हणाले, "वाजत्यात की." पुढचं त्यांना बोलूच दिलं नाही.

"अवो सायेब," आत्या म्हणाली, "तेरखेड्याच्या गड्याचे कान न्हाय वाजायचे तर कुणाचे वाजायचे? आमच्या बापाचे वाजायचे, आज्याचे वाजायचे!"

सगळा वॉर्ड हसला. डॉक्टरही हसले. मग रोजची चौकशी एवढीच उरली: "जुनंच ना?" आणि आत्या म्हणायची, "व्हय, जुनंच." एकदा अण्णा पुटपुटले, "अक्का, ह्ये जरा येगळं वाजतंय. डोक्यात रातकिडं भरल्यावानी." आत्यानं डोळे वटारले, "गप ऱ्हा. सुई कमी केली म्हंजी?" अण्णा भिंत धरून चालायला लागले, तर त्याचा दोष तिनं दवाखान्याच्या पातळ वरणाला दिला. तपासणी झकास चालली होती. डॉक्टर विचारत होते, रोगी सांगत होता आणि उत्तर आत्या देत होती.

तिचा राग येतोच, अजूनही येतो. पण थोरला भाऊ औषधाविना खोकून खोकून गेलेला तिनं पाहिला होता. ती सुई म्हणजे तिला देवाचा अंगारा वाटायची, आणि अंगारा कमी करा असं कोण म्हणतं?

एक दिवस ती बाजारात गेली होती. डॉक्टर उशाशी उभे राहून विचारत होते आणि अण्णा त्यांच्याकडे पाठ करून निवांत संत्रं सोलत होते. डॉक्टरांनी परत विचारलं, मोठ्यानं विचारलं. शेवटी मीच खातं सोडून तोंड उघडलं आणि रातकिड्यांचं, भिंतीचं, सगळं सांगितलं. डॉक्टरांचा चेहरा उतरला. इंजेक्शन तिथल्या तिथं बंद झालं, गोळ्यांवर भागवलं. क्षय बरा झाला. कान गेले ते गेलेच.

घरी आल्यावर अण्णांना धीर कुठला! दुसऱ्याच दिवशी ते दारूच्या खोपीत आपल्या जागी, भिंतीकडे तोंड करून भुईनळे भरायला बसले. आमच्यात एक रीत होती. कुणी फार दिवसांनी कामावर आला, की कारभारी त्याच्या पाठीमागून अचानक "पळा!" म्हणून ओरडायचा. जो पळाला नाही, त्याला पुन्हा दारूजवळ बसायचं नाही. ठिणगी पडली तर हाकेवरच जीव वाचतो.

कारभारी आमचे काकाच; त्यांनी ओरडायला लई वेळ लावला. ओरडले तेव्हा सगळे बाहेर धावले, गुडघे दुखणारी आत्यासुद्धा. अण्णा भुईनळ्यात दारू ठासत राहिले.

काकांनी आत जाऊन त्यांचा हात धरला, उठवलं. काय झालं ते सांगायची हिंमत त्यांना झाली नाही. अण्णांनी धोतराला हात पुसले आणि ते हसत हसत बाहेर आले. सगळे अंगणात उभे होते; एरवी असे चहालाच जमायचे. ऐकू न येणारा माणूस बोलतो तशा मोठ्या आवाजात ते म्हणाले, "अक्का, इतक्यात च्या? लई लाड चाललेत माझे!"

आत्या चूल पेटवायला गेली.