भेदऱ्याचं गाव

ऐंशीच्या दशकात कुरखेड्याला आम्ही भाड्यानं राहत होतो. घरामागं घरमालकांची एक लहान बांधी होती, चारी बाजूंनी बांध घालून पाणी अडवलेलं धानाचं शेत. एका हिवाळ्यात धान कापून झाल्यावर त्यांच्या सुनेनं ती मागून घेतली आणि तिच्यात भेदरं लावली. टोमॅटोला तिकडे भेदरं म्हणतात. सासऱ्यांची अट सरळ होती: झाडं जगली तर बांधी दर हिवाळ्यात तिची, मेली तर पुढच्या वर्षीपासून तिथं लाखोरीची डाळ.

सुनेनं सगळं धानासारखंच केलं. बोडीचं, म्हणजे शेताजवळच्या लहान तळ्याचं, पाणी सोडलं आणि बांधीत साचू दिलं. पानं पिवळी पडू लागली, तेव्हा पाणी कमी पडतंय असं समजून तिनं आणखी सोडलं.

मी शाळेत विज्ञान शिकवायची. टोमॅटो मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या डोंगराळ मुलखातला, एवढं मला ठाऊक होतं; पण त्याचा घरामागच्या बांधीशी काही संबंध असेल, हे तोवर डोक्यात आलं नव्हतं. उतारावर पाणी थांबत नाही. मग याच्या मुळांना साचलेल्या पाण्याची सवय कुठून असणार? मी तिला सांगितलं, बांध फोडून पाणी काढ आणि झाडांना मातीची भर दे.

धानाच्या मुलखात बांध कुणी आपल्या हातानं फोडत नाही. शिवाय भेदरं बाहेरचं, हेच सासऱ्यांना मान्य नव्हतं.

"टमाटर असन तिकडचा, बाई. भेदरं आमचं हाय."

नाव इथलं, म्हणून फळही इथलं. सून मात्र कुदळ घेऊनच उभी होती.

"मामाजी, झाडं मरून राह्यली. पावसाच्या आधी बांध मीच घालून देईन."

तंबाखू मळता मळता ते म्हणाले, "फोड."

निम्मी झाडं गेली. उरलेल्यांना बारकी, आंबट फळं लागली आणि सासरे ती भाजून भाकरीशी खाऊ लागले. एकदा खाता खाता त्यांनी मला विचारलं, वांगं कुठचं? इथलंच, आपल्या देशातलं, मी म्हटलं.

"मंग त्याले तं साचलेलं पाणी चालत असन?"

"नाही चालत."

"मंग गाव पुसून काय फायदा?"

सुनेनं पुढच्या हिवाळ्यात कुणाला न विचारता आधी बांध फोडला, मग रोपं लावली. एका ओळीत वांगीही होती.