लिहून दिलेली वाक्यं

"बूट काढ तिचे."

रेवती मॅडम मला म्हणाल्या. मुलुंडच्या एका हॉलमागच्या छोट्या खोलीत. माझी मुलगी मित्रा, आठ वर्षांची, प्लास्टिकच्या खुर्चीवर पाय हलवत बसली होती. पांढरे बूट, दोन रिबिनी, इस्त्री केलेला फ्रॉक. मी मुद्दाम नीट तयार करून आणली होती. कार्यक्रम होता ना.

"पाहुण्या बाहेरच्या देशातून आल्यात. त्यांना वाटायला नको का, की हिला गरज आहे? एवढी नटवून आणलीस तर कोण देणार गं?"

मी बूट काढले. माझ्या हातानं. मोजेपण काढले. मग मॅडमनी पर्समधून टिश्यू काढला आणि मित्राच्या कपाळावरची टिकली पुसली. रिबिनी सोडल्या. बोटांनी केस विस्कटले. जरा लांब होऊन बघितलं आणि म्हणाल्या, "हां. आता बरं."

मित्रा माझ्याकडे बघत होती. मी हातानं खूण केली. काही नाही, बस.

हे आधी सांगते, कारण नंतर काही जणांनी मला धीट म्हटलं. मी धीट नव्हते. बूट मी काढले होते.

मी भांडुपला टेकडीवर राहते. पोळी-भाजी केंद्रात पोळ्या लाटते. माझा नवरा सुनील रंगारी होता. उंच इमारतींना बाहेरून रंग मारायचा, दोराच्या झुल्यावर बसून. मित्राला जन्मापासून ऐकू येत नाही हे आधी त्याच्याच लक्षात आलं. ती पाळण्यात असताना त्याच्या हातून रंगाचा डबा पडला, दण्णकन, आणि ती झोपूनच राहिली. तो मला म्हणाला, "हिच्यापर्यंत आवाज पोचलाच नाही गं." तेव्हापासून तो खुणा शिकला. पाण्याची खूण, भुकेची खूण, चंद्राची खूण. काही खुणा त्यानंच बनवल्या होत्या. त्या दोघांनाच कळायच्या.

मित्रा सहा वर्षांची असताना तो तेराव्या मजल्यावरून पडला. कमरेला बेल्ट नव्हता. ठेकेदारानं दिलाच नव्हता. ठेकेदारानं पोलिसांना सांगितलं, माणूस दारू प्यायलेला होता. माझा नवरा दारूला शिवत नव्हता. सोबतचे रंगारी घाबरले, कोणी बोलेना. नुकसानभरपाईची केस तेव्हापासून चालू आहे. प्रत्येक तारखेला ठेकेदाराचा वकील उभा राहतो आणि तेच बोलतो. मयत नशेत होता.

सुनील गेला आणि मित्राशी बोलणारं घरात कोणी राहिलं नाही. मला त्याच्याइतक्या खुणा येत नव्हत्या. ती काहीतरी सांगायची, मला कळायचं नाही, मग ती जमिनीवर डोकं आपटायची. मी आणि सासू तिला धरून ठेवायचो. दोन वर्षं अशी काढली.

मग अंगणवाडीच्या बाई म्हणाल्या, मुलुंडला बायकांचा एक क्लब आहे. चांगल्या घरच्या बायका आहेत, समाजसेवा करतात. ऐकू न येणाऱ्या मुलींना कानाची मशीन देणार आहेत, परदेशातल्या त्यांच्यासारख्याच एका क्लबबरोबर मिळून.

मी गेले. रेवती मॅडम तिथल्या सेक्रेटरी. चांगल्या बोलल्या. मित्राची तपासणी केली. चाचणीसाठी तीन आठवडे दोन्ही कानांत मशीन दिली. म्हणाल्या, कार्यक्रमात पाहुण्यांच्या हातून रीतसर देऊ, मग कायमची तुमची.

ते तीन आठवडे मी कसे सांगू?

कुकरची शिट्टी झाली तर मित्रा पळत येऊन मला घट्ट धरायची. कबुतर पत्र्यावर चाललं की वर बघत राहायची. पोळी लाटताना माझ्या बांगड्या वाजतात हे मला तिच्यामुळे कळलं. ती जवळ बसून ऐकायची आणि लाटणं थांबलं की माझा हात हलवायची, पुन्हा वाजव म्हणून. एका संध्याकाळी सुनीलच्या फोटोसमोर बसली आणि म्हणाली, "प-पा." अस्सं. स्पष्ट. सासू भांडी घासत होती, ती तिथंच बसून रडायला लागली.

त्यानंतर क्लबवाल्यांनी काही मागितलं असतं तरी मी नाही म्हटलं नसतं. त्यांनीही मागितलं. व्हिडिओ काढायला घरी आल्या, तेव्हा म्हणाल्या टीव्हीवर चादर टाक. टाकली. बुद्धाची मूर्ती फळीवर होती. "ही जरा बाजूला ठेव, व्हिडिओ न्यूट्रल हवा." पदरानं पुसून मी ती पेटीत ठेवली. आडनाव सांगू नको, नुसतं नाव सांग. नुसतं नाव सांगितलं. चहा केला, तो तसाच राहिला, त्यावर साय धरली. मी तो मोरीत ओतला. मला फक्त त्या मशीन दिसत होत्या.

कार्यक्रमाच्या दिवशी, बूट काढून झाल्यावर, रेवती मॅडमनी मला कागद दिला. चार ओळी. मराठीत टाइप केलेल्या.

"हे बोलायचंस. मी इंग्लिशमध्ये सांगेन."

मी वाचलं. माझा नवरा दारू पिऊन मला मारायचा. मुलगी बहिरी म्हणून तो तिचा राग करायचा. दारूच्या नशेत पडून तो मेला. या ताईंनी आम्हाला नवं आयुष्य दिलं.

मी म्हटलं, "मॅडम, हे असं नाही झालं. मी तुम्हाला सांगितलं होतं. तो बेल्ट नव्हता म्हणून..."

"अगं, माहितीये मला. पण बायकांना हे भिडतं. बेल्ट वगैरे म्हटलं की ते लेबरचं होतं. आपल्याला पॉलिटिकल नकोय."

"माझी केस चालू आहे."

"तुझी केस इथे कोण ऐकतंय? चार वाक्यं आहेत. मुलीसाठी एवढं नाही करणार?"

मुलीसाठी. तिथं मी संपले. मान हलवली. हो म्हटलं. हेही लिहून ठेवा, मी हो म्हटलं होतं.

हॉल एसी होता. गोल टेबलं, पांढरे कपडे अंथरलेले. पुढच्या टेबलावर तीन परदेशी बायका, गळ्यात हार. मित्राला स्टेजवर माझ्या बाजूला उभी केली, अनवाणी, मशीन कानातच. गार फरशीवर ती एक पाय दुसऱ्या पायावर ठेवत होती. माझ्या हातात माइक दिला.

मी कागद समोर धरला. "माझा नवरा" एवढं म्हटलं. माझा आवाज मोठ्या स्पीकरमधून आला आणि मित्रानं दचकून वर बघितलं. मग हसली. आईचा एवढा मोठा आवाज तिनं पहिल्यांदा ऐकला होता. तिनं माझा पदर ओढला आणि तिला येणारा एकच शब्द विचारला, "पपा?"

पुढचा शब्द दारू होता.

आठ वर्षं तिला काही ऐकू आलं नाही. आता येत होतं. आणि तिच्या बापाबद्दल मी तिला पहिलं काय ऐकवणार होते? जे ठेकेदार बोलला ते. जे त्याचा वकील दर तारखेला बोलतो ते. फरक एवढाच की या वेळी ते माझ्या तोंडून येणार होतं.

मी कागद खाली घेतला.

"माझा नवरा दारू पीत नव्हता. तो रंगारी होता. तेराव्या मजल्यावर त्याला बेल्टशिवाय चढवला. म्हणून तो मेला. या मुलीवर त्याचा जीव होता. या कागदावर लिहिलंय ते खोटं आहे."

हॉलमध्ये मराठी कळणाऱ्या बायका होत्या. त्या ताटाकडे बघायला लागल्या. रेवती मॅडमनी हसत हसत माझ्या हातातून माइक घेतला आणि इंग्लिशमध्ये काहीतरी सांगितलं. मला त्यातले दोन शब्द कळले. इमोशनल आणि थँकफुल.

परदेशी बायकांनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्या! एक जण डोळे पुसत होती. माझं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. मी मित्राचा हात धरून खाली उतरले आणि सरळ त्या टेबलाजवळ गेले. मला येत होतं तेवढं बोलले.

"हजबंड. नो ड्रिंक. नो बेल्ट. फॉल. शी टेल लाय."

डोळे पुसणाऱ्या बाईनं माझ्याकडे बघितलं. मग तिनं रेवती मॅडमकडे बघितलं. मग माझा हात थोपटला, लहान मुलाचा थोपटतात तसा. आणि पाण्याचा ग्लास उचलला.

मला पुन्हा मागच्या खोलीत नेलं. रेवती मॅडमचा चेहरा लाल झाला होता. ओरडल्या नाहीत. हळूच बोलल्या. "ट्रायल संपली. मशीन प्रोजेक्टची आहे. तुझ्याऐवजी दुसऱ्या मुली आहेत रांगेत." आणि मित्राच्या कानाकडे हात नेला.

मित्राला वाटलं बॅटरी बदलायचीय. तिनं स्वतःहून मान वाकडी केली. आधी उजवा कान पुढे केला, मग डावा. मग वाट बघत उभी राहिली, पुन्हा घालतील म्हणून.

मी त्यांच्या पाया पडले नाही. पण अजून एक मिनिट तिथं थांबले असते तर पडले असते. म्हणून तिला उचलली आणि बाहेर आले.

वस्तीत बातमी माझ्याआधी पोचली होती. शेजारच्या मालवणी काकू दारात उभ्या राहून म्हणाल्या, "गो बाय, दोन वाक्यां बोललं असतंस तर काय जीब झडतली होती?" सासू दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "माह्या लेकाला तू वाचवलंस. पण तो तर मेलाय. ही जित्ती हाय."

मित्रा कानावर थापा मारते. कुकर लावला की त्याच्यासमोर जाऊन बसते आणि वाफ बघते. पपा हा शब्द तीन महिन्यांत अर्धा झाला, नुसता प राहिला. सरकारी दवाखान्यात मी अर्ज केलाय. अपंगत्वाचा दाखला झाला, मशीन कधी येईल ते कोणी सांगत नाही. तिथली डॉक्टर म्हणाली, या वयात जितका उशीर तितकं बोलणं अवघड. मी रात्रंदिवस तेवढंच ऐकते. मी बरोबर केलं का? असं मी स्वतःला विचारते आणि कधी कधी वाटतं, नाही. माझ्या इमानाची किंमत माझ्या मुलीनं का द्यावी? पण मग कळतं, ही किंमत मी लावलेली नाही. मशीन त्यांच्याकडे होती. ती कानात ठेवायची की काढायची, हे त्यांनी ठरवलं.

गेल्या आठवड्यात आमच्या गल्लीतली सविता आली. तिची मुलगी पाच वर्षांची, तिलाही ऐकू येत नाही. क्लबवाल्यांनी तिला बोलावलंय. कागद आधीच पाठवलाय मोबाइलवर. तिच्या कागदात लिहिलंय की नवऱ्यानं सोडून दिलं. तिचा नवरा तिच्या मागेच उभा होता, कामावरून आलेला, मान खाली घालून.

"ताई, काय करू? तुम्ही सांगा."

मी म्हटलं, "मशीन घे. सोडू नकोस, पोरीचा हक्क आहे तो. पण हे वाचायचं नाही. जे झालंय ते बोलायचं."

"आणि काढून घेतली तर?"

"तर काढताना सगळ्यांसमोर काढू देत. मागच्या खोलीत जायचं नाही."

रविवारी तिचा कार्यक्रम आहे. मला बोलावणं नाही. मी जाणार आहे. सविताचा नवराही येणार आहे, आणि तो स्टेजवर तिच्या बाजूला उभा राहणार आहे. दारात अडवलं तर दारात उभी राहीन. आमच्या टेकडीवरून यापुढे ज्या ज्या बाईला त्या बोलावतील, तिच्यासोबत मी जाईन. मदत द्यायची तर द्या. आमची माणसं कशी जगली आणि कशी मेली, ते आम्ही सांगणार.