कार्डावर एकच रेघ

वीस मिनिटं मी घड्याळाकडे बघत बसलो होतो. कार्डावर एकच रेघ उमटली, दुसरी आलीच नाही. म्हणजे सुनंदाला, माझ्या बायकोला, स्क्रब टायफस नाही, असं मी समजलो. तेवढ्यात डॉक्टर म्हणाले, "स्क्रब टायफसच वाटतो. औषध सुरू करू."

आमचं घर सावनेर रस्त्याला, नागपूरच्या अगदी कडेला. जवळच दहा खाटांचा सरकारी दवाखाना आहे. मोठी तपासणी तिथे होत नाही. रक्ताचा थेंब टाकून बघायचं हे कार्ड, म्हणजे रॅपिड टेस्ट, तेवढी होते.

मी माझी वही पुढे केली. तापाचा चौथा दिवस, चौदा नोंदी. सर्वांत जास्त १०३.४. त्या सकाळपासून श्वास मिनिटाला अठ्ठावीस. आदल्या दिवशी बाहेरच्या लॅबमध्ये केलेल्या तपासणीत प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, कमी झालेल्या. डेंग्यू आणि मलेरिया दोन्ही निगेटिव्ह.

"हेही निगेटिव्ह आहे, मग औषध कशाचं?" मी विचारलं.

डॉक्टर तरुण होते, पण चिडले नाहीत. "या कार्डावर जंतू दिसत नाहीत, काका. जंतूंशी लढायला शरीर जे तयार करतं, ते दिसतं. त्याला अँटिबॉडी म्हणतात. त्या दिसण्याइतक्या व्हायला आठवडा लागू शकतो. तुमच्याच वहीत आज चौथा दिवस आहे."

मला ते पटलं नाही. धंतोलीतल्या मोठ्या खासगी दवाखान्यात नेऊ, सगळ्या तपासण्या नीट करू, रिपोर्ट आला की औषध, असं माझं ठरत होतं. रिपोर्ट यायला दुसरा दिवस उजाडला असता.

"न्यायचं तर न्या," डॉक्टर म्हणाले, "पण पहिली गोळी इथे घेऊन. या आजारात फुप्फुसं बिघडायला लागली की दिवस हातात राहत नाही." मग ते सिस्टरांकडे वळले. "सिस्टर, पूर्ण अंग बघून घ्या. काख, कंबर, मांड्या."

पडदा ओढला गेला. मी बाहेर उभा होतो.

"ताई, हे काय होय कंबरेले?"

"काही नाही वं, नाडा घासला असन. हळद लावली."

"दुखते?"

"नाही ना. म्हून तर ध्यान नाही दिलं."

"यायले काहून नाही सांगितलं?"

"त्यायच्या वहीत कुठं जागा आहे त्याले? तिथं नुसते आकडे राहतात."

धाप लागलेली असतानाही ती हे बोलली. सिस्टर हसल्या आणि त्यांनी मला आत बोलावलं. हळद पुसल्यावर मसुरीच्या दाण्याएवढी काळी खपली दिसत होती, भोवती लाल कडा. विडीचा चटका बसावा तशी. याला एस्कार म्हणतात. स्क्रब टायफस पसरवणारी, गवतात, झुडपात राहणारी, डोळ्यांना जेमतेम दिसणारी अळी चावते, तिथे हा डाग पडतो. दुखत नाही, खाजत नाही.

"दहा-बारा दिवसांत कुठे झाडाझुडपात गेल्या होत्या का?" डॉक्टरांनी विचारलं.

सुनंदानं माझ्याकडे पाहिलं. उत्तर आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. हरतालिकेला सोळा प्रकारची पत्री लागते. बाजारातून आणलेली जुडी मी सोडून मोजली होती. अकराच प्रकार भरले. "पाच कमी आहेत," असं मीच सांगितलं. उरलेली पाच आणायला ती घरामागच्या मोकळ्या प्लॉटवर गेली आणि तिथेच गवतात बसून पानं निवडत राहिली.

पहिली गोळी मी माझ्या हातानं दिली. डॉक्सिसायक्लिन, सकाळ-संध्याकाळ. धंतोलीचा विचार सोडला. तिसऱ्या दिवशी सकाळी ताप ९८.८, श्वास वीस. तिनं चहा मागितला आणि त्यात साखर कमी आहे म्हणून कुरकुर केली.

मला अजून दुसरी रेघ बघायची होती. "आता आठवडा होतो आहे, पुन्हा एक टेस्ट करू," मी म्हणालो. डॉक्टरांनी डबा उघडून दाखवला. चार कार्डं शिल्लक होती. "ही पुढच्या तापाच्या माणसाला लागतील. काकूंचा ताप उतरला, आता कार्ड कशाला?"

त्यामुळे आमच्या फाइलीत आजही 'निगेटिव्ह' असाच कागद आहे. सुरुवातीला तो मला खटकायचा. आता खटकत नाही.

पावसाळ्यात घरात कुणाला ताप आला, तर तो कोणत्या दिवशी सुरू झाला ते डॉक्टरांना नक्की सांगा. शेतात, गवतात गेला होतात का, तेही सांगा. आणि अंग बघा, कपड्याखाली झाकलेलं आधी. बायका तिथलं दाखवत नाहीत, आणि आपण विचारत नाही. मी चौदा वेळा थर्मामीटर लावला, पण एकदाही कुठे काही झालंय का, असं विचारलं नाही. ते सिस्टरांनी विचारलं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

यंदा हरतालिकेला जुडी मीच आणली. ओट्यावर सोडून ठेवली.

"मोजली असन ना?" सुनंदानं विचारलं.

"मोजली."

"किती भरली?"

तेरा होती.

"पुरतील," मी म्हणालो.