भाषण तेवढं उरलं

माझ्या धाकट्या दिराचं सीताबर्डीत पंखे-मिक्सरचं दुकान आहे. कॉलेजात असल्यापासून त्याला नाटकाचं वेड. आवाज असा की माइक बंद पडला तरी शेवटच्या रांगेत ऐकू जावा. मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते आणि अधूनमधून लिहिते. आम्ही दोघांनी मिळून एक छोटासा सिनेमा केला, त्याची ही गोष्ट.

निमित्त घरातलंच होतं. माझा नवरा बुटीबोरीला कापडाच्या गिरणीत सुपरवायझर आहे. छटपूजेला बिहारचे कामगार गावी गेले आणि बरेचसे परतलेच नाहीत, तेव्हा त्याच्या खात्यातले अर्धे माग बंद पडले. जेवताना तो सांगत होता की एरवी "हे बाहेरचे लोक, यांनी सगळं बिघडवलं" असं बोलणारेच आता त्यांना फोन करकरून बोलावतायत. एकाने तर म्हणे, "भय्या, टिकट मैं भेजता हूँ," म्हटलं. आम्ही सगळे हसलो. दीर म्हणाला, "वहिनी, याच्यावर लिवा ना काही. मी करतो."

मी लिहिलं. एक पुढारी मैदानात सभा घेतो. मंडप घालणारे, खुर्च्या मांडणारे, माइकवाला, स्वयंपाकी, सतरंजीवर बसवलेले श्रोतेसुद्धा बाहेरगावाहून आलेले मजूर. पुढारी त्यांच्याच समोर बाहेरच्यांविरुद्ध गरजतो आणि शेवटी ओरडतो, "निघा. आत्ताच्या आत्ता निघा." टाळ्या पडतात. मग एक मजूर हात जोडून अदबीने विचारतो, "अभी, साहब?" पुढारी म्हणतो, "हो, अभी." आणि ते निघतात. जाताना ज्याने जे आणलं ते तो घेऊन जातो. खुर्च्या जातात, भोंगे जातात, कनात जाते, शेवटी स्टेजखालचे बांबू जातात. पुढारी उन्हात मातीत बसून भाषण चालू ठेवतो. ऐकायला कोणीच उरलेलं नसतं.

भाषण मी मुद्दाम अतोनात फुगवून लिहिलं होतं. "आमच्या ताटात जेवता, आमच्या नळाचं पाणी पिता, आमची हवासुद्धा तुम्हीच ओढून घेता." हे वाक्य लिहिताना मला एकटीलाच हसू आलं होतं.

नट कुठून आणायचे हा प्रश्न आला तेव्हा नवऱ्याने त्याच्या खात्यातल्या लोकांनाच विचारलं. "अभी, साहब?" विचारणारा मागावर काम करणारा होता, ओडिशाचा, शांत, सडपातळ माणूस. त्याची बायको त्यांच्याच गल्लीत एकट्या राहणाऱ्या कामगारांसाठी डबे करायची. तिला मी स्वयंपाकिणीचं काम दिलं. तिने भाताचा गंज, म्हणजे मोठं पातेलं, उचलून कॅमेऱ्यासमोरून चालत जायचं, एवढंच. पण ती झाकण ठेवल्याशिवाय उचलायलाच तयार होईना.

"दीदी, खुला लेके जाएंगे तो धूल गिरेगा ना."

"अगं, नाटक आहे हे," मी म्हटलं.

"चावल तो नाटक का नहीं है."

खरंच, तो भात तिनेच सगळ्यांसाठी शिजवून आणला होता. आम्ही तिला झाकण ठेवू दिलं. सिनेमात ती जाता जाता वळते, झाकण शोधते, गंजावर बसवते आणि मग निघते. आख्ख्या सिनेमात मला तेवढंच खूप आवडतं. शूटिंग संपल्यावर त्याच मैदानात बसून आम्ही तो भात खाल्ला, दीर पुढाऱ्याच्या पांढऱ्या कपड्यांतच.

तयार झालेला सिनेमा आम्ही पहिल्यांदा त्या ओडिशाच्या नवरा-बायकोच्या खोलीत दाखवला. लॅपटॉप पेटीवर ठेवला होता आणि शेजारच्या खोल्यांतलेही येऊन दाराशी उभे होते. बांबू निघायला लागले तसे ते लोक इतके हसले की पुढचं काही ऐकूच आलं नाही. तिचा नवरा मात्र हसून झाल्यावर म्हणाला, "सच में तो ठेकेदार जाने नहीं देगा." ती त्याच्याकडे बघून हसली. त्या दोघांना मी तसं एकत्र हसताना पुन्हा पाहिलं नाही.

दिराला स्वतःच्या भाषणाचा फार अभिमान वाटला. त्याने तेवढाच तुकडा कापून नाटकाच्या जुन्या मित्रांच्या ग्रुपवर टाकला. तिथून तो कोणी कुठे पाठवला हे आम्हाला कधीच कळलं नाही. मला तो परत मिळाला तो आमच्या स्टाफरूममध्ये. एका सहकारी बाईंनी मोबाइल पुढे केला. भाषणाखाली ढोलताशा लावलेला होता. "आत्ताच्या आत्ता निघा" म्हणून टाळ्या पडल्या की व्हिडिओ संपायचा.

"कोण हाय वं हा माणूस? एकदम खरं बोलून राहिला," बाई म्हणाल्या.

"माझा दीर आहे. हे विनोदी आहे. मीच लिहिलंय."

"विनोदी काहून? बरोबरच तर हाय."

मी माझ्या फोनवर त्यांना पूर्ण सिनेमा दाखवला. त्यांनी तो शेवटपर्यंत पाहिला, आणि स्टेज कोसळल्यावर मान हलवून म्हणाल्या, "पाहा. असेच असतात हे. ऐन वेळेवर धोका देतात."

त्या चांगल्या बाई आहेत. माझ्या आजारपणात त्यांनी माझे तास घेतले होते. मी फोन परत पर्समध्ये ठेवला.

आम्ही पूर्ण सिनेमा यूट्यूबवर टाकला. खाली लोकांनी लिहिलं की भाषण जबरदस्त आहे, पण शेवट कंटाळवाणा आहे, तो काढून टाका. हवेच्या वाक्याचं सगळ्यात जास्त कौतुक झालं. ज्या वाक्यावर हसून माणसं शहाणी होतील असं मला वाटलं होतं, तेच लोक छातीवर हात ठेवून म्हणायला लागले.

दुकानात गिऱ्हाईकं दिरासोबत फोटो काढायला लागली. सुरुवातीला तो सांगायचा, "अहो, ते नाटक होतं." मग नुसता हसायचा. मग एका सभेत बोलायचं बोलावणं आलं, आणि तो आम्हाला सांगायला घरी आला.

"भाऊजी, नका जाऊ," मी म्हटलं.

"वहिनी, लोकायले आवडून राहिलं त मी काय करू?"

"त्यांना सांगा ना ते काय होतं ते."

"सांगितलं. ऐकत नाही कोणी. अन् खरं सांगू का, मलेही आता वाटते, थोडंफार खरंच हाय त्याच्यात." त्याने पाणी ओतून घेतलं. "तुमचंच त लेखन हाय."

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो ताटातली पोळी मोडत म्हणाला, "जाऊ दे ना. दोन दिवसाचं असते हे."

त्याच आठवड्यात नवऱ्याने सांगितलं की तो ओडिशाचा माणूस कामावर येत नाहीये. मी बुटीबोरीला गेले. त्याची बायको एकटीच खोलीत होती आणि भांडी पोत्यात भरत होती. मला पाहून तिने बसायला वेताचा मोढा पुढे केला आणि चहा ठेवायला निघाली. मी नको म्हटलं तरी ठेवला.

तो व्हिडिओ तिथेही पोचला होता. स्टेजसमोर सतरंजीवर बसलेला तिचा नवरा त्यात नीट दिसत होता. चहाच्या टपरीवर काही माणसांनी त्याला ओळखलं. त्यांनी त्याला उभं केलं, एकाने मोबाइलवर भाषण लावलं आणि ते संपल्यावर म्हणाले, आता हात जोड आणि बोल, मी जातो.

"मग तो बोलला?" मी विचारलं.

"बोला. चार बार बोलवाया. वो लोग हँस रहे थे." ती गाळणी शोधत होती. "दीदी, मारा नहीं किसी ने. बस हँसे."

दुसऱ्या दिवशी घरमालकाने खोली रिकामी करायला सांगितलं. तो वाईट माणूस नव्हता असं तीच म्हणाली. त्याला भानगड नको होती.

"आपण पोलिसांत जाऊ," मी म्हटलं. "मी येते सोबत."

"क्या बोलेंगे? कि सिनेमा में काम किया था?"

तिने माझ्यावर राग धरला नव्हता, निदान दाखवला तरी नाही. निघताना तिने माझा डबा परत दिला. शूटिंगच्या दिवशीचा, माझ्या लक्षातही नव्हता. घासूनपुसून ठेवलेला. तिचा नवरा स्टेशनवर तिकिटाच्या रांगेत गेला होता, त्यामुळे त्याची भेट झाली नाही.

दिराच्या सभेला मी गेले. का गेले, हे मला अजूनही नीट सांगता येत नाही. मी मागे उभी होते. मंडपाचे बांबू पक्के होते. ते ठोकणारी माणसं ट्रकच्या सावलीत बसून आपसात हिंदीत काहीतरी बोलत होती आणि भाषणाकडे त्यांचं लक्ष नव्हतं. दीर उभा राहिला, त्याच आवाजात बोलायला लागला, आणि हवेच्या वाक्यापाशी थांबला, मी लिहिताना जिथे थांब म्हणून कंस टाकला होता अगदी तिथेच. लोक उठून टाळ्या वाजवायला लागले. माझ्या बाजूची म्हातारी बाई डोळे पुसत म्हणाली, "किती पोटातून बोलते ना हा."

मी रिक्षा करून घरी आले. नवऱ्याने विचारलं, "काहून लवकर आली?" मी म्हटलं, ऊन होतं.

दीर अजूनही रविवारी जेवायला येतो. वांग्याची भाजी त्याला आवडते, मी करते. आम्ही दुकानाबद्दल बोलतो, उन्हाळ्यात कूलर किती खपतील याबद्दल बोलतो. पुढच्या निवडणुकीत त्याला उभं करायचं चाललंय असं ऐकते. यूट्यूबवरून सिनेमा मी काढून टाकला. त्याने काही फरक पडला नाही, कारण भाषण काही माझ्याकडे नव्हतं. ते सगळ्यांकडे होतं. त्यानंतर मी काही लिहिलेलं नाही. वर्गात उपरोध शिकवायची वेळ येते तेव्हा पुस्तकातली व्याख्या वाचून दाखवते आणि पुढे जाते.

तिचा नंबर माझ्याकडे होता. ते गेल्यावर मी पुष्कळदा लावला. आधी वाजायचा, कोणी उचलायचं नाही. आता लावला की एक बाई रेकॉर्ड केलेलं काहीतरी सांगते, बहुधा ओडियात. नंबर बंद आहे म्हणते की थोड्या वेळाने लावा म्हणते, मला कळत नाही. नवऱ्याच्या गिरणीत त्यांच्या गावाकडची माणसं अजून आहेत, कोणालाही विचारता येईल. मी विचारलेलं नाही.