शेवटच्या घराचं पाणी

राजश्रीनं सकाळपासून चौथ्यांदा पाइप सोडला, फुंकून पाहिला, पुन्हा बसवला. आत काही अडकलेलं नव्हतंच. तिच्या कपाळावर साबणाचा फेस वाळला होता आणि अंगणात शरणबसव मंडपवाल्याच्या तीस सतरंज्या पडल्या होत्या. कुठं वरण, कुठं हळद, कुठं पोरांनी सांडलेलं सरबत. परवा सकाळी त्या दुसऱ्या लग्नात अंथरायच्या. आज दोरीवर गेल्या तरच उद्या संध्याकाळपर्यंत वाळणार.

वैरागहून लग्न होऊन ती सोलापुरात आली तेव्हा तिला घरचं धुणं तेवढं ठाऊक होतं. नवरा ट्रकवर, महिन्यातले वीस दिवस बाहेर. घरात ती आणि सासरे हरिबा. एका जुन्या प्रेशर मशीनवर तिनं गल्लीतल्या चादरी धुवायला घेतल्या आणि बघता बघता मंडपवाले दाराशी येऊ लागले. पण सतरंजी म्हणजे चादर नव्हे. एका मशीनच्या धारेला जोर असतो, भर नसतो. मळ निघतो, साबण आत बसून राहतो. मागच्या खेपेला तेच झालं. शरणबसव हसत हसतच म्हणाला होता, "वहिनी, पाहुणे जेवता जेवता खाजवत होते. अजून एकदा देतो. परत असं झालं तर माझा नमस्कार."

म्हणून तिनं दुसरं मशीन आणलं. दोन्हींचं पाणी एका जाड पाइपात घेतलं, एकाचं पाणी दुसऱ्यात उलटं शिरू नये म्हणून दोन्हीकडे झडपा बसवल्या, तोंडाला मोठ्या भोकाचा नोझल लावला. सगळं स्वतःच्या हातानं, दुकानदारानं कागदावर काढून दिलं होतं तसं.

सुरू केलं की दोन मिनिटं पाणी असं भरभरून यायचं, की साबण ओघळच्या ओघळ वाहून जायचा. मग मशिनं उचक्या द्यायला लागायची. धार बारीक, मोठी, बारीक, आणि शेवटी नुसती घरघर.

तिनं दुकानदाराला फोन लावला.

"हवा ओढतंय ते," तो म्हणाला. "टाकीचा कॉक पूर्ण उघडा हाय न्हवं?"

"माझ्या हातानं उघडून आले की."

"मग तापत आसंल. जरा दम खाऊ द्या."

मशिनांनी अर्धा तास दम खाल्ला. तिनं नाही. पुन्हा सुरू केलं. दोन मिनिटं झाली आणि पुन्हा उचकी. अकरा वाजले होते, दोरीवर चार सतरंज्या होत्या. तिला वाटलं, पाना उचलावा आणि दोन्ही मशिनांच्या डोक्यात घालावा.

त्याऐवजी तिनं पाना घेतला आणि टाकीकडे निघाली. वाटेतल्या ओल्या सतरंजीआडून तिला हरिबा दिसले. मागल्या दारानं आले, टाकीशी वाकले आणि जाता येता दिवा मालवावा तशा सहज हातानं त्यांनी कॉक अर्ध्यावर आणला.

"मामा, काय करताय?"

"कुटं काय."

"कॉक."

"आर्धा ठिवलाय की. नळाला पाणी परवा येनार."

"सकाळपासनं तुमीच करताय व्हय?"

"तू उगडून जातीस, मी ठिवतो." त्यांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मिल बंद पडल्यावर बावीस वर्षं त्यांनी चाळीला पाणी सोडलं होतं. "म्होरल्याला पुरं सोडलं की शेवटच्या घराला थेंब मिळत न्हाई, पोरी. आर्धा सोडायचा. लई शिव्या खाल्ल्यात मी, पर शेवटचं घर कोरडं ठिवलं न्हाई."

राजश्रीच्या तोंडाशी बरंच काही आलं होतं. अख्खी सकाळ गेली होती. ती नुसती पाइपाच्या दुसऱ्या टोकाकडे बघत राहिली.

"मामा, हितं शेवटचं घर मी हाय."

हरिबांनी पाइपावरून नजर फिरवत नेली. टाकीपासून मशिनांपर्यंत, मशिनांपासून त्या कोरड्या नोझलपर्यंत. मग कॉक पूर्ण उघडला. पण राजश्रीचा त्या हातावर विश्वास नव्हता. तिनं पान्यानं कॉकची मूठच काढून कमरेला खोचली.

"आता आमाला कुलूप व्हय," हरिबा पुटपुटले आणि तिथंच दगडावर बसले. टाकीवर टिचकी मारून पाण्याचा आवाज ऐकत, तोंड वाकडं करत. मशिनं उचकली नाहीत. ऊन कलेपर्यंत तिसावी सतरंजी दोरीवर गेली. टाकीत वीतभर पाणी उरलं होतं आणि राजश्रीला पाठ सरळ करता येत नव्हती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शरणबसव आला. शेवटच्या सतरंजीची कड त्यानं मुठीत पिळली.

"ओली हाय की, वहिनी."

"ओली हाय. फेस दाखवा."

त्यानं बोटांकडे पाहिलं, बोटं एकमेकांवर घासली. "गच्चीवर टाकतो हिला," तो म्हणाला. "सोमवारी पडदे धाडतो. चाळीस हायत."

गाडी गेल्यावर राजश्रीनं कमरेची मूठ काढून सासऱ्यांच्या हातात दिली. हरिबांनी ती बसवली, हात तसाच ठेवला आणि मान वर करून पहिल्यांदाच विचारलं, "बंद करू न्हवं?"

"करा की, मामा."